वाकळीची मजुरी

सांगलीहून कोल्हापूरकडे निघालेल्या गाडीतून हातकणंगल्याच्या अलीकडे-पलीकडे धाब्यांच्या पाट्या वाचत जाता येतं. ‘घरगुती जेवण’, ‘चुलीवरचं मटण’, ‘अख्खा मसूर’, ‘गरम भाकरी मिळेल’. मटणाखालोखाल या रस्त्यावर जर काही खपत असेल, तर तो ‘घरगुती’ हा शब्द. जे घरी रोज ताटात पडतं ते खायला माणसं गाडी काढून पंधरा-वीस किलोमीटर जातात आणि बिल देताना कुरकुर करत नाहीत. त्यांतल्याच एखाद्यानं आदल्या रात्री घरी विचारलेलं असतं, “आज नुसती आमटी-भाकरीच?”

‘चुलीवरचं’ या शब्दाची गंमत तर याहून मोठी. १ मे २०१६ रोजी केंद्र सरकारनं उज्ज्वला योजना सुरू केली, ती बायकांची धुरातून सुटका व्हावी म्हणून. घरातल्या चुलींच्या आणि तसल्याच इंधनांच्या धुरानं २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एकीकडे घराघरांतून चूल बाहेर काढायची, दुसरीकडे रस्त्यावर तीच मांडून तिच्या नावानं चार पैसे जास्त लावायचे, हे दोन्ही याच दहा वर्षांत घडलं. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी अर्थातच पाटीवर रंगवता येत नाही.

साध्या जेवणाचं, काटकसरीचं आणि हातानं केलेल्या वस्तूंचं कौतुक सध्या जोरात आहे. कौतुकाला हरकत नाही. आजीच्या हातची चव, वाकळीची ऊब, घोंगडीचा वास यांवर लिहिणाऱ्यांनी खोटं काही लिहिलेलं नाही. फक्त एक रकाना त्यांनी कोरा सोडलेला असतो. काटकसर फुकट होत नाही. पैसा वाचतो तिथे वेळ खर्च होतो, आणि हा वेळ बहुतेक घरांत एकाच माणसाच्या खात्यातून वजा होतो. हातकणंगले तालुक्यासारख्या मुलखात हा हिशेब मांडणं सोपं जातं, कारण इथे हात आणि यंत्र शेजारी-शेजारी नांदतात: इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, रेंदाळचे हातमाग, पट्टणकोडोलीची घोंगडी, आणि प्रत्येक गावात उन्हाळ्याच्या दुपारी सोप्यात पसरलेली एखादी अर्धी शिवलेली वाकळ.

आधी स्वयंपाकघर.

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी उपसून ठेवतात. त्याला कट म्हणायचं, काही गावांत येळवणी. डाळीचा अर्क त्यात उतरलेला असतो, तो टाकून द्यायचा म्हणजे पाप. मग भाजलेलं खोबरं, कांदा-लसणाची चटणी, चिमूटभर पुरण आणि गुळाचा खडा असं काय काय त्यात जातं, वरून तर्रीदार फोडणी बसते, आणि होते कटाची आमटी. सणाच्या दिवशी पोळीपेक्षा आमटीलाच मागणी जास्त, आणि दुसऱ्या दिवशी मुरल्यावर तर विचारू नका. (पुण्याच्या वाचकासाठी खुलासा: इकडे पोळी म्हणजे पुरणाचीच. रोजची ती चपाती. या एका शब्दावरून नव्या सुनांचे घोटाळे झालेले आहेत.) कालची चपाती उरली तर सकाळी कुस्करा, भात उरला तर फोडणीचा, भाकरी उरली तर ताकात. दोडक्याच्या शिरांची चटणी होते. हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावर परतून तांब्याच्या बुडानं तिथेच रगडलं की खर्डा. त्याला ना मिक्सर लागतो ना दुसरं भांडं.

हे सगळं अकलेचं काम आहे. हाताशी काय आहे, काय उद्यापर्यंत टिकेल, कशाला आज वाट दाखवायची, याचा ताळेबंद रोज डोक्यात मांडावा लागतो. मसुराचंच पाहा. गरिबाघरची ही डाळ अख्खी शिजवून झणझणीत केली आणि इस्लामपूर-सांगली-कोल्हापूरच्या धाब्यांनी तिला पाटीवर चढवलं. आज माणसं आवर्जून अख्खा मसूर खायला जातात. पदार्थ तोच, फक्त करणाऱ्याला आता पैसे मिळतात.

आणि वर्षाची चटणी. कोल्हापूरकडे तिखट म्हणजे चटणी, आणि चटणी म्हणजे उन्हाळ्यातलं एक मोठं प्रकरण. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटपणासाठी, घराघरांचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीचं तेच बरोबर. मिरच्या कडक उन्हात खुळखुळेपर्यंत वाळवायच्या, देठं काढायची. कांदा चिरून उन्हात सुकवायचा, मग तेलात तांबूस तळायचा, कारण त्यात पाण्याचा अंश राहिला तर बरणीतली चटणी श्रावणाच्या आतच बुरसते. लसूण सोलायचा, आणि किलोच्या हिशेबानं लसूण ज्यानं सोललाय त्यालाच तो हिशेब कळतो. धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, कारण एकत्र भाजलं तर तीळ करपतात आणि धणे कच्चे राहतात. मग सगळं डब्यात भरून कांडप यंत्रावर, म्हणजे बोलीतल्या डंकावर, न्यायचं. तिथे रांगेत उभं राहून शिंकायचं, खोकायचं, आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळत नाही ना यावर डोळा ठेवायचा. घरी आणून मिठासकट चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची आणि मध्ये हिंगाचे खडे ठेवायचे, म्हणजे कीड लागत नाही. एवढं झालं की वर्षभर कोणत्याही भाजीला दुसरा मसाला लागत नाही. एक चमचा टाकला की काम भागतं. ‘झटपट’ स्वयंपाक तो हाच, फक्त त्याची झटपट मे महिन्यात आठवडाभर राबून आधी भरून ठेवलेली असते.

कुरडयांचं त्याहून वाढीव. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो घोटत शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा आणि गच्चीवर कावळ्यांपासून राखणीला एक पोर बसवायचं. सांडगे, पापड, शेवया आहेतच. मराठीतलं पाककृतींचं पहिलं पुस्तक, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’, १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि तिनं वाटी-चमच्याच्या मापानं कितीतरी अडलेल्या संसारांना स्वयंपाक शिकवला. पदार्थाला किती वाट्या लागतात हे अशा रीतीनं छापलं गेलं. बाईचे किती दिवस लागतात, हे छापावं असं फारसं कुणाला वाटलं नाही.

ते माप शेवटी घेतलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या ८१.२ टक्के बायका घरातलं बिनपगारी काम करताना आढळल्या, आणि त्यांना रोज सरासरी २९९ मिनिटं लागत होती. पुरुषांपैकी असं काम करणारे २६.१ टक्के, आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटं. २०२४ च्या फेरीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषानंही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली. पाच वर्षांच्या सामाजिक क्रांतीचा हा हिशेब वाचून हसावं की काय करावं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता वाकळ.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. त्यानंतरच्या शतकभरात त्या गावानं ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ हे नाव कमावलं. रात्री-अपरात्री तिथल्या गल्लीतून गेलं तरी मागांचा खडखडाट थांबलेला नसतो. अशा कापडाच्या गावापासून हाकेच्या अंतरावरच्या खेड्यांत बायका फाटक्या लुगड्यांची पांघरुणं शिवत बसतात, हे वरवर पाहता विचित्र वाटतं. पण नवं कापड वाकळीला चालतच नाही. ते खळीनं ताठ असतं, सुई अडते, अंगाला टोचतं. शंभर वेळा धुऊन, दगडावर आपटून, उन्हात वाळून पातळ झालेलं सुती लुगडंच लागतं. अशा मऊ थरांच्या मध्ये हवा अडकते आणि तीच ऊब देते. नऊवारी लुगड्याची लांबीही सोयीची, दोन-तीन लुगड्यांत सगळे थर बसतात. वरचा थर जरा बऱ्या रंगाचा, आत मात्र काहीही: धोतराचा तुकडा, मुंडाशाचं कापड, पोराचा आखूड झालेला शर्ट.

जमिनीवर कापड ताणून पसरायचं, विरलेला भाग कापून तिथे ठिगळ लावायचं, थरावर थर घालायचे आणि लांब टाक्यांनी आधी सगळं जागच्या जागी धरून ठेवायचं. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. एकाला लागून एक ओळ, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे. घाई केली तर मधला भाग फुगतो आणि वाकळ कायमची वाकडी होते. एका वाकळीत असे किती हजार टाके पडतात ते शिवणारीनं कधी मोजलेलं नसतं. गुडघ्यावर ओणवं बसून कंबर धरते, बोटाला भोकं पडतात. दोघीजणी समोरासमोर बसल्या तर काम लवकर होतं आणि गावातल्या सगळ्या बातम्याही शिवून निघतात. घरात बाळंतपण व्हायचं असेल तर आजीच्या लुगड्याचं दुपटं आधी तयार होतं. बाळाच्या कातडीला त्याहून मऊ कापड दुकानात मिळत नाही.

सध्या अडचण वेगळीच झाली आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत गावातली सुती लुगडी गेली, त्यांच्या जागी सिंथेटिक साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, विटत नाहीत आणि मऊही होत नाहीत. त्यांची वाकळ घसरते, घाम टिपत नाही. काटकसरीचा कच्चा मालच आटत चालला आहे. ज्या गावात यंत्रमागावर कापडाचे तागेच्या तागे निघतात, त्याच्या शेजारच्या खेड्यात वाकळीसाठी जुनं सुती कापड शोधावं लागतं.

तेवढ्यात शहरांना वाकळीचा शोध लागला. तिकडे तिचं नाव गोधडी. प्रदर्शनांत, मोबाइलवरच्या दुकानांत ‘हातानं शिवलेली गोधडी’ नव्याकोऱ्या छापील कापडात मिळते आणि तिची किंमत ऐकून गावाकडची माणसं तोंडात बोट घालतात. किमतीबद्दल तक्रार असू नये. हाताच्या कामाला चांगला भाव मिळाला तर तो हवाच आहे. तक्रार आहे ती याची, की शिवणारीला नगावर मजुरी मिळते, तिनं टाके किती घातले यावर नाही. आणि गावातच कुणी मजुरीनं वाकळ शिवायला दिली तर घासाघीस ठरलेली: “कापड तर आमचंच जुनं, मग पैसे कशाचे?” या प्रश्नात सगळं आलं. कापडाला किंमत आहे, दोऱ्याला आहे, सुईलाही आहे. उरलेल्या गोष्टीला नाही.

पट्टणकोडोलीत दसऱ्यानंतर विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. छत्र्या नाचतात, फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, होते, आणि भंडाऱ्याबरोबर खोबरं आणि लोकरही उधळली जाते. लोकर देवाला वाहण्याइतकी मोलाची होती त्या काळातला हा रिवाज. धनगरानं मेंढरं कातरायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, सणगरानं ते खड्ड्यातल्या मागावर विणायचं, चिंचोक्याची खळ देऊन उन्हात ताणायचं. अशी घोंगडी पावसात डोक्यावर घेतली तर पाणी लवकर आत येत नाही, कारण लोकरीच्या अंगचा स्निग्धपणा शिल्लक असतो. एक घोंगडी माणसाच्या अर्ध्या आयुष्याला पुरते. पण दख्खनी मेंढीची ही भरड लोकर आता कुणी विचारत नाही. धनगरांचा कल मटणासाठी माडग्याळ जातीकडे गेला, जिच्या अंगावर लोकर जेमतेमच. कातरलेली दख्खनी लोकर कातरणीची मजुरीही काढत नाही, म्हणून कित्येक वेळा बांधावरच टाकून दिली जाते. पुण्या-मुंबईच्या दुकानात मात्र घोंगडी ‘पारंपरिक’ असं लेबल लावून टांगलेली दिसते.

रेंदाळची गोष्टही याच वळणाची. एकेकाळी तिथल्या घराघरांत हातमाग होते, नऊवारी विणली जाई. यंत्रमाग शेजारीच आला आणि त्यापुढे हात टिकेना. १९८५ च्या कायद्यानं साडीसह काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले, पण सुरुवातीचे २२ प्रकार कमी होत ११ वर आले, आणि जे राहिले त्यांवरही यंत्रमागवाल्यांची नजर राहिली. दरवर्षी ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५.२२ लाख विणकर आणि पूरक कामगार नोंदले गेले, त्यांत ७२ टक्के बायका. आणि ६६ टक्क्यांहून अधिक विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई ५,००० रुपयांच्या आत. वारसा म्हणून ज्याचा दिवस साजरा करायचा, त्याची ही कमाई.

हुपरीत घरोघरी चांदीच्या पैंजणांची कामं चालतात. घुंगरू जुळवायचं, डाग द्यायचा, अशा बारीक कामांत तिथेही बायकांचा हात मोठा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशाच चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. संताप योग्यच होता, आणि कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. पण चर्चा झाली ती नावाची. चपलेची वेणी विणणाऱ्या बाईला एका जोडीमागे काय मिळतं, यावर त्या आठवड्यात फारसं कुणी बोललं नाही.

काटकसरीचं सगळ्यात मोठं माणूस हातकणंगले तालुक्यातच जन्माला आलं. कर्मवीर भाऊराव पाटील, २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. स्वावलंबन हेच ब्रीद, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’. घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करायचं, त्याला मुष्टिफंड म्हणायचं. त्या मुठीवर खेड्यातली, सगळ्या जातींची पोरं शिकली. १९५४ साली कराडला कॉलेज काढलं तेव्हा भाऊरावांनी त्याला गाडगे महाराजांचं नाव दिलं. अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून फिरणाऱ्या आणि म्हणूनच गोधडे महाराज म्हणवल्या जाणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या माणसाचं नाव, तेही त्यांच्या हयातीत. काटकसरीचा एवढा दिमाखदार सन्मान क्वचितच झाला असेल. पण या कथेतही एक बाई आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांना करून वाढलं आणि धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने काढून दिले, अगदी मंगळसूत्रापर्यंत. १९३० साली त्या गेल्या. रयतेच्या शाळांतून त्यांच्या त्यागाचे गोडवे गायले जातात. त्याग हा शब्द सोयीचा असतो, त्याचं बिल येत नाही.

यावर कुणी म्हणेल, घरात आईनं रांधायचं आणि आजीनं वाकळ शिवायची, यात पैसे कुठे आणता? मायेला दर लावायचा का? प्रश्न रास्त आहे. पण मायेचं कारण पुढे करून काम नेहमी एकाच बाजूला सरकत असेल, तर त्या मायेची वाटणी तरी सारखी व्हावी. लसूण सोलायला पुरुषाच्या बोटांना काही अडत नाही. पोराला कुरडयांच्या राखणीला बसवतात तसं चीक घोटायलाही बसवता येतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आठवडी बाजारात पानिपतचं पॉलिस्टर ब्लँकेट दोनशे-अडीचशेला मिळतं, झटपट वाळतं, रंगीत असतं. ते विकत घेणाऱ्या बाईला ‘परंपरा विसरलीस’ म्हणून दोष देणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे. तिनं वाकळीचे आठ-दहा दिवस वाचवले, त्या दिवसांत भांगलणीला गेली, मजुरी आणली. चतुर ती आहे. जातं कोपऱ्यात गेलं आणि गिरणी आली तेव्हाही असंच झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. तो ठेवा अमोल आहे, आणि तो जपायचाच. पण ओवी वाचावी म्हणून कुणी पहाटे तीनला उठून पुन्हा दळायला बसावं, असं त्या ओव्या गाणाऱ्या बायकाही म्हणणार नाहीत. मुसळाऐवजी डंक आला, पाट्यावरवंट्याऐवजी मिक्सर आला, तेव्हा चवीत थोडा फरक पडला असेल. बायकांच्या खांद्यांतही पडला.

म्हणून हाताच्या कामाची बाजू घ्यायची तर ती ‘जुनं ते सोनं’ म्हणून घेऊ नये. काही हाताची कामं संपलेलीच बरी. काही टिकावीत, कारण यंत्राला ती जमत नाहीत किंवा अडचणीच्या वेळी तीच उपयोगी पडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. पंचगंगेकाठची रुई, इंगळी, चंदूर, वारणेकाठची निलेवाडी, खोची अशी गावं पाण्यात गेली. वाकळा भिजून इतक्या जड झाल्या की दोघांना उचलेनात. गॅस नाही, वीज नाही, दुकानं बंद. तेव्हा पाणी न लागलेल्या गावांनी घरोघरी भाकरी थापल्या आणि चटणीसकट पोती भरून पाठवल्या. ज्वारीची भाकरी दोन दिवस टिकते, तिला डबा लागत नाही, चटणी आधीपासून बरणीत तयार असते. आपत्ती व्यवस्थापनाच्या कुठल्या कागदावर नसलेली ही साखळी रात्रीत उभी राहिली. कारण थापणारे हात गावोगाव अजून होते.

ते हात टिकवायचे तर त्यांना मजुरी हवी, आणि याचे नमुने महाराष्ट्रात आधीच आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन चार पुडकी पापड लाटले. त्यातून लिज्जत उभं राहिलं. घरी बसून लाटायचं तेच काम, फक्त वजनावर पैसे आणि बाई संस्थेची सभासद. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायका तोवर सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. या दोन्ही ठिकाणी मायेचं काही बिघडलं नाही, आणि पापड कुरकुरीतच राहिले.

याउलट सरकारचं बघा. शाळेत पोरांना दुपारी जी ‘घरगुती’ भात-आमटी मिळते, ती शिजवणाऱ्या बाईचं मानधन केंद्रानं २००९ साली महिन्याला १,००० रुपये ठरवलं, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचं. राज्य त्यात आपली भर घालतं, पण केंद्राच्या कागदावरचा आकडा पुढे वर्षानुवर्षं तोच राहिला. पोरांचं रांधणं, वाढणं आणि भांडी, सगळं त्यात. धाब्यावरच्या एका मटण ताटाची किंमत डोळ्यांपुढे ठेवून हा आकडा पुन्हा वाचावा.

वाकळीचा हिशेबही मांडून बघायला हरकत नाही. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. हा खड्डा खणण्याचा, माती उचलण्याचा दर, म्हणजे कौशल्य नसलेल्या कामाचा. मोठी वाकळ एकटीनं शिवायला दहा दिवस धरले, तर ३,१२० रुपये झाले. दोरा, दाभण आणि बोटाला पडलेली भोकं यात धरलेली नाहीत, आणि कापड तर घरचंच होतं.